जुळ्याचा नर घ्यायचा का?



मागच्या महिन्यात जुळ्या कोकरांचा फोटो टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातोय : "दादा, जुळ्याचा नर कुठं मिळतो?" कुणी माणमधनं, कुणी जतमधनं, एक जण तर पार लातूरकडनं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो. लांब आहे, पण अर्धवट वाचून नर आणायला जाऊ नका.

यंदा हा प्रश्न माझ्याही दारात आलाय. आमचे चुलते, आप्पा, चाळीस वर्षं मेंढरं घेऊन फिरले. दिवाळी झाली की घाटाखाली, पाऊस लागायच्या आत परत. आता गुडघे बोलत नाहीत. त्यांचा मुलगा कंपनीत आहे, तो काय वाड्यावर जाणार नाही. आप्पांनी सांगितलंय, "यंदाची दिवाळी झाली की बकरी तुझ्याकडं." आमच्याकडं मेंढीला बकरीच म्हणतात, शेळीला शेरडू. तर ही ३५ बकरी, सगळी जुन्या दख्खनी वळणाची, काळी-करडी, लांब पायांची, आजोबांच्या खांडातनं चालत आलेली. माझी आत्ता ३८ आहेत, ती अर्धबंदिस्त. सकाळी चार-पाच तास रान, बाकी गोठ्यात. आता प्रश्न असा की आप्पांच्या ३५ बकऱ्यांवर जुळ्याचा नर सोडायचा का नाही. एकदा सोडला की मागं फिरणं नाही. पाच महिन्यांनी कोकरं येतात आणि पाच वर्षांनी खांडच बदललेलं असतं.

म्हणून आधी हा नर म्हणजे काय ते बघू.

एका अक्षराचा फरक

आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. शंभर व्याल्या तर जुळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. याउलट पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी आहे. पूर्ण वाढलेली सुद्धा बारा-पंधरा किलोची. आपली चार-पाच महिन्यांची चांगली कोकरं तिच्यापेक्षा जड भरतील. खाऱ्या दलदलीत गुडघाभर पाण्यात चरते, आणि जुळी-तिळी देते.

तिच्या अंगात एक जनुक आहे, त्याला फेक-बी म्हणतात. दुसरं नाव बुरुला. हे नाव ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढीफार्मचं. तिथं सीअर्स भावांच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी फार व्हायची. १९५८ च्या सुमाराला त्यांनी तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, काही नर दिले. वीसेक वर्षांच्या नोंदींनंतर लक्षात आलं की हा सगळा खेळ एकाच मोठ्या जनुकाचा आहे. हेलन न्यूटन टर्नर नावाच्या बाईंनी त्यावर मोठं काम केलं. त्यांनीच जुनी कागदपत्रं बघून मांडलं की १७९२ आणि १७९३ साली कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या गेल्या होत्या, हा गुण त्यांच्याकडनंच आला असावा.

२००१ मध्ये शास्त्रज्ञांना नेमकी जागा सापडली. डीएनएमधल्या एका अक्षराचा बदल, बस्स. पुढच्याच वर्षी गॅरोलचं रक्त तपासलं तर तोच बदल तिच्यातही निघाला. म्हणजे आपल्याच देशातनं गेलेली चीज दोनशे वर्षांनी परदेशातनं नाव घेऊन परत आली. ओडिशाच्या केंद्रपाडा मेंढीतही ती आहे.

हा बदल करतो काय? मेंढीच्या बीजांडकोशात प्रत्येक माजाला अनेक बीजं वाढायला लागतात, पण सहसा एकच पिकतं, बाकीची जिरतात. फेक-बी असलं की बीजं लहान असतानाच पक्व होतात, त्यामुळं एकाच्या जागी दोन-तीन सुटतात. एवढंच. दूध वाढत नाही, शरीर वाढत नाही, कास मोठी होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फलटणला काय झालं

निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे नारी, आपल्या फलटणची. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये काढली. त्यांनी १९९० च्या दशकात गॅरोल आणून दख्खनीशी आणि कर्नाटकातल्या बन्नूरशी संकर सुरू केला. नुसता संकर केला असता तर कोकरं बारकी झाली असती, मग कुणी घेतली नसती. म्हणून पिढ्यान् पिढ्या परत दख्खनी-बन्नूरकडं वळवत आणलं, आणि प्रत्येक पिढीत जनुक असलेलीच जनावरं निवडली. गॅरोलचा तेवढा एक गुण घ्यायचा, बाकी अंग आपलं ठेवायचं. डॉ. चंदा निंबकरांनी हे काम पुढं नेलं, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाची साथ होती, आणि डीएनए तपासणीत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, एनसीएल होती. त्यातनं 'नारी सुवर्णा' आली. तिकडं राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेनं गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी मिळून 'अविशान' तयार केली. तीही जुळ्यांचीच.

मला त्यातलं सगळ्यात पटलं ते हे की त्यांनी नुसत्या फार्मवर मोजलं नाही. धनगरांच्या खांडात नर दिले, कानात बिल्ले मारले आणि तिथं किती कोकरं जगली ते मोजलं. फार्मवर सगळंच छान दिसतं. रानात काय होतं तेच खरं.

नराच्या तोंडावर लिहिलेलं नसतं

आता बाजारातली गोष्ट. एका बाजारात मला एका व्यापाऱ्यानं नर दाखवला. "जुळ्याचा हाय, आईला तीन व्येतं जुळीच." नर देखणा, किंमत नेहमीच्या दुप्पट. मी विचारलं, तपासणीचा कागद? तर म्हणतो, "कागदाला काय चाटायचंय? नर बघा की."

मंडळी, इथंच फसतात लोक. हे जनुक बीजं सोडायचं काम करतं, आणि नराला बीजांडकोश नसतो. म्हणजे नराकडं बघून काही म्हणजे काहीच कळत नाही. शिंगावरनं नाही, वृषणावरनं नाही, चालीवरनं नाही. जुळ्यातला असला तरी खात्री नाही, कारण जनुक नसलेल्या मेंढीलाही खाण्यापिण्यात असली तर कधी जुळं होतं. आणि एकटा जन्मलेला नरसुद्धा जनुकवाला असू शकतो. कळायचे दोनच मार्ग : एक, त्याच्या लेकी मोठ्या होऊन विण्याची वाट बघा, म्हणजे दोन वर्षं गेली. दोन, डीएनए तपासणी. थोडंसं रक्त पुरतं, आणि आयुष्यात एकदाच करायची. कागद नसेल तर तो साधा नर समजा आणि साध्या नराचेच पैसे द्या.

कागदावर काय बघायचं तेही सांगतो. प्रत्येक जनावराकडं जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बापाची, एक आईची. म्हणून फेक-बी एकेरी असू शकतं किंवा दुहेरी.

– दुहेरी नर, साध्या मेंढ्या : सगळी कोकरं एकेरी. हिशोब सरळ.
– एकेरी नर, साध्या मेंढ्या : निम्मी एकेरी, निम्मी साधी. कोण कुठली ते तपासल्याशिवाय कळत नाही.
– एकेरी मेंढ्या, साधा नर : परत निम्मी-निम्मी.
– एकेरी मेंढ्या, एकेरी नर : चारातलं एक दुहेरी, दोन एकेरी, एक साधं.
– एकेरी मेंढ्या, दुहेरी नर : निम्मी एकेरी, निम्मी दुहेरी.

शेवटच्या दोन ओळी नीट वाचा. दुहेरी मेंढी तिळ्यांकडं झुकते. आपल्या मेंढीला दोन सड, दूध बेताचं. तीन कोकरं दीड-दीड किलोची होणार आणि एक-दोन जाणार. आपल्याला पाहिजे ती एकेरी मेंढी. दुहेरी फक्त नर ठेवायचा. म्हणजे पहिल्या लेकींवर बापच परत सोडला की नात्यातला संकर तर झालाच, वर दुहेरी मेंढ्याही झाल्या. हे दोन्ही नको असेल तर दर दोन वर्षांनी नर बदला आणि कानातले बिल्ले बघून गट वेगळे सोडा.

माझी वही

मी चार वर्षांपूर्वी एक दुहेरी नर आणला, कागदासकट. आज त्याच्या लेकी खांडात आहेत. मागच्या हिवाळ्यातल्या व्येताचा माझ्या वहीतला हिशोब जसाच्या तसा देतो.

एकेरी मेंढ्या १८ व्याल्या. त्यातल्या १० ना एक, ८ ना जुळी. कोकरं २६. तीन महिन्यांनी जिवंत २३.
साध्या मेंढ्या २० व्याल्या. एकीला जुळं, बाकी एक-एक. कोकरं २१. तीन महिन्यांनी जिवंत २०.

म्हणजे जन्माला दर मेंढी १.४४ विरुद्ध १.०५. विकायच्या वेळी १.२८ विरुद्ध १. सगळ्याच जनुकवाल्या मेंढ्यांना जुळं होतं असं नाही हेही बघा. माझ्याकडं निम्म्यापेक्षा जास्त जणींना एकच झालं. लहान वयात पहिल्या व्येताला एकच होण्याचा कल असतो.

वजन धरलं तर चित्र अजून खाली येतं. तीन महिन्यांचं एकटं कोकरू माझ्याकडं १४-१५ किलो भरलं, जुळ्यातलं १०-११. दोन मिळून २१ च्या आसपास. म्हणजे जुळं झालं म्हणून पैसे दुप्पट नाहीत, दीडपट. त्यातनं खुराक वजा करायचा. उरतं का? माझ्याकडं उरलं. पण खुराक विकत आणून, भाव पडलेला असताना उरलंच असतं असं मी म्हणणार नाही. घरची मका, घरचा शेवरी-सुबाभूळ, बांधावरची मेथीघास म्हणून हिशोब जमला.

गेलेल्या कोकरांचंही सांगतो. जनुकवाल्या मेंढ्यांची तीन गेली, तिन्ही जुळ्यातली, तिन्ही जोडीतली बारकी. दोन पहिल्या दोन दिवसांत, जानेवारीतल्या थंडीत. एक सव्वा किलोचंच जन्मलं होतं. जुळ्याचा प्रश्न इथं असतो, पहिल्या तीन दिवसांत.

दुसरं कोकरू जगवायचं तर

मेंढी गाभण असते साधारण १४७ ते १५० दिवस. पोटातलं कोकरू वाढतं ते बहुतेक शेवटच्या दीड महिन्यात. जवळजवळ सत्तर टक्के वजन तेव्हा येतं. नेमकं तेव्हा पोटात दोन कोकरं बसल्यामुळं मेंढीला चारा जास्त मावत नाही. मग ती स्वतःची चरबी जाळते. अती झालं की तिला गाभणपणातला विषार होतो : खाणं सोडते, खांडाच्या मागं राहते, आंधळ्यासारखी भिंतीला डोकं लावून उभी राहते, तोंडाला गोडसर वास येतो. असं दिसलं की उद्यावर ढकलू नका, डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा. उपाय आधीच करायचा. शेवटचे सहा आठवडे दर मेंढीला २५० ते ३०० ग्रॅम भरडा, हळूहळू वाढवत. सगळ्यांना देणं परवडत नसेल तर सोनोग्राफी करून घ्या. दीड ते तीन महिन्यांच्या गाभण काळात एक का दोन ते चांगलं कळतं. मग जुळ्यावाल्या तेवढ्या वेगळ्या बांधा. खुराकाचा निम्मा खर्च तिथंच वाचतो.

नर सोडायच्या आधीही दोन-तीन आठवडे मूठभर दाणा द्यावा. आपले जुने लोक पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर मेंढरं सोडून नर घालायचे, ते हेच. शास्त्रानं त्याला नुसतं नाव दिलं.

विल्यावर पहिली गोष्ट चीक. कोकराच्या आतड्याला चिकातली ताकद घ्यायला जेमतेम एक दिवस मिळतो, त्यातही पहिले काही तास मोलाचे. किलोला ५० मिली या हिशोबानं पहिला घोट, म्हणजे दोन किलोच्या कोकराला १०० मिली. जुळ्यात ताकदवान कोकरू दोन्ही सड धरतं आणि बारकं मागं राहतं. म्हणून बारक्याला आधी पाजायचं. एकटं कोकरू असलेल्या मेंढीचा चीक काढून डीप फ्रीजमध्ये ठेवला तर रात्री-अपरात्री कामाला येतो. कोमट पाण्यात ठेवून वितळवायचा, उकळायचा नाही, नाहीतर नासतो. नाळेला आयोडिन, अंग कोरडं, खाली पाचट. यात नवीन काही नाही, पण जुळ्यात यातलं एक चुकलं तर चालत नाही.

आणि एक गोष्ट हिशोबात कुणी धरत नाही. हे सगळं करतं कोण? आमच्याकडं आई आणि मंडळी. मागच्या जानेवारीत आठ जुळी होती तेव्हा या दोघी रात्री दोनदा उठत होत्या. बाटली, शेकोटी, परत बाटली. मी नर आणला, फोटो टाकला, लाइक मला आले. यंदा मंडळींनी स्पष्ट सांगितलं, "दहाच्या वर जुळी एका महिन्यात नकोत. करायची तर माणूस बघा." बरोबर आहे. तुमच्या घरात रात्री उठणारं माणूस नसेल तर नराचे पैसे वाचवा.

गाईसारखं इंजेक्शन का नाही?

दुसरा नेहमीचा प्रश्न : नर कशाला आणायचा, गाईसारखी कांडी भरून घेता येत नाही का?

गाईत डॉक्टर मागनं हात घालून गर्भाशयाचं तोंड धरतो आणि नळी सरळ आत नेतो. मेंढीत हात जात नाही. शिवाय तिच्या गर्भाशयाच्या मुखात पाच-सहा कड्या असतात, एकमेकीला तिरक्या, नळी पहिल्या-दुसऱ्या कडीलाच अडते. मग रेत तोंडाशीच सोडावं लागतं. ताजं रेत असेल तर तेवढ्यावर भागतं. गोठवलेलं, नायट्रोजनमधलं रेत मात्र अशक्त झालेलं असतं, तेवढा प्रवास त्याला झेपत नाही आणि गाभण राहायचं प्रमाण फार कमी येतं. म्हणून ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात दुर्बिणीची पद्धत आली : पोटाला छोटं छिद्र, आत दुर्बीण, आणि सुईनं थेट गर्भाशयात रेत. त्यानं निम्म्याच्या वर मेंढ्या राहतात. पण त्याला भूल, यंत्र आणि शिकलेला सर्जन लागतो. आपल्या गोठ्यात रोजचं काम नव्हे ते. पैदास फार्मला मोलाचं.

आपल्या कामाचं आहे ते ताजं, पातळ केलेलं रेत. एका नराचं एका वेळचं रेत साधारण एक मिली, पण त्यात अब्जांच्या हिशोबात शुक्राणू. पातळ करून त्यात बऱ्याच मेंढ्या भरता येतात. १५ अंशांना थंड ठेवून काही तासांत वापरायचं. म्हणजे नर जवळच्या गावात पाहिजे आणि मेंढ्या एकाच दिवशी माजावर पाहिजेत. मेंढीचा माज १६-१७ दिवसांनी येतो आणि दिवस-दीड दिवस राहतो, गाईसारखी ती ओरडत नाही. मग सगळ्यांना एकत्र माजावर आणायला स्पंज वापरतात. औषध लावलेला स्पंज बारा ते चौदा दिवस आत ठेवायचा, काढताना पीएमएसजीचं इंजेक्शन, दोन दिवसांत माज. अविकानगरनं 'अविकेसिल-एस' नावाचा स्वस्त देशी स्पंज काढलाय.

इथं एक धोक्याची सूचना. पीएमएसजी स्वतःच जास्त बीजं सोडायला लावतं. फेक-बीच्या मेंढीला ते साध्या मेंढीच्या मात्रेत दिलं तर तिळी-चौळी पोटात बसतात. डॉक्टर नवीन असतील तर त्यांना माहीत असेलच असं नाही. तुमची मेंढी जनुकवाली आहे हे तुम्ही तोंडानं सांगा, मग मात्रा त्यांना ठरवू द्या.

औषध न वापरताही बरंच जमतं. नर महिनाभर लांब ठेवा, नजरेआड आणि वासाच्याही आड. मग एकदम सोडा. माजावर न येणाऱ्या मेंढ्या नराच्या वासानं जाग्या होतात, पहिला माज मुका जातो, आणि साधारण अडीच-तीन आठवड्यांच्या सुमाराला बऱ्याच जणी एकदम माजावर येतात. नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, कुठल्या मेंढीला कधी लागला ते पाठीवर दिसतं. सतरा दिवसांनी रंग बदला. दुसऱ्या रंगाची मेंढी म्हणजे पहिल्याला राहिली नाही. वहीत तारीख टाका, १४७ दिवस मोजा. एवढ्यावर माझी व्येतं तीन आठवड्यांत आटोपतात. आणि नराला उन्हाची झळ लागू देऊ नका. शुक्राणू तयार व्हायला सात आठवडे लागतात, मे महिन्यात भाजलेला नर जुलैतसुद्धा रिकामा जातो.

आप्पांचं म्हणणं

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. वही दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या गोठ्यात बरं हाय ते. चालत्या बकरीला एकच कोकरू बरं. वाटंत दोन झाली तर एक घोड्यावरच्या झोळीत आन् दुसरं माझ्या खांद्यावर. आई मागं वळून वळून वरडती, खांड पुढं जातं. रातच्याला वाघरीत आणस्तवर तिच्या सडाला दूध नसतं."

मी म्हटलं, आता चालायचंच नाहीये की, बकरी माझ्याकडंच राहणार.

"तुझ्याकडं राहतील. पण दुष्काळ तुला सांगून येणार हाय का? बहात्तरला चालली ती जगली. तुझ्या बांधून घातलेल्या बकरीला उद्या छावणीतनं काढून चालवली तर आठ दिवसांत बसंल. माझी बसायची न्हाई. ती तशी आहे कारण आम्ही तसलीच ठेवली."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि शास्त्रातही नाही. चालणं, दुष्काळात काटेकुटे खाऊन अंग धरणं, कमी पाण्यावर राहणं, हे एका अक्षराचं काम नाही. ते शेकडो जनुकांचं असतं, आणि ते तपासायचा कागद अजून तरी आपल्या हातात नाही. ते कागदावर नाही, आप्पांच्या खांडात आहे. फलटणला एवढ्या पिढ्या परत परत दख्खनीकडं का वळवलं, त्याचंही उत्तर हेच.

तर मी असं ठरवलंय. आप्पांच्या ३५ पैकी २० बकऱ्यांवर दख्खनी नरच चालणार, तोही बाहेरच्या खांडातला, नात्याचा नसलेला. त्यांच्या लेकी वेगळ्या बिल्ल्याच्या, त्यांना रोज रान. उरलेल्या १५, अंगानं थोराड आणि दुधाला बऱ्या, आप्पांनीच निवडून द्यायच्या. त्यांच्यावर नवीन दुहेरी नर. त्यांच्या लेकी गोठ्याजवळ राहतील, आणि त्या मोठ्या झाल्या की त्यांच्यावर साधा दख्खनी नर. पाठींना पूर्ण वाढीच्या दोन तृतीयांश वजन भरल्याशिवाय नर नाही. जुळी एका महिन्यात दहाच्या आत बसतील अशा तारखा धरायच्या, म्हणजे गेरूच्या दोन पाळ्या. हे मंडळींनी घातलेलं कलम आहे, ते पहिलं.

आप्पा यावर पूर्ण राजी आहेत असं नाही. पण "पंधरा मी निवडणार" म्हटल्यावर चेहरा जरा सैल झाला.

आता तुमच्यासाठी थोडक्यात. तुमची मेंढरं वर्षातनं सहा-आठ महिने चालत असतील, तर आत्ता जुळ्याचा नर घेऊ नका. एक कोकरू, पण धडधाकट, हाच तुमचा नफा. मेंढरं घरी येत असतील, घरचा दाणा-चारा असेल, आणि रात्री उठणारं माणूस असेल, तर घ्या, पण तपासणीच्या कागदासकटच. पहिल्या वर्षी सगळ्या खांडावर घालू नका, थोराड दहा-पंधरा मेंढ्यांवर घाला. जन्मलेली नाही, तीन महिन्यांनी उभी असलेली कोकरं मोजा. आणि वही ठेवा. वही नसेल तर नर चांगला का वाईट हे तुम्हाला पाच वर्षांनीसुद्धा कळणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात आप्पांच्या पंधरा बकऱ्यांचा हिशोब इथंच टाकीन, चांगला असो वा वाईट. ज्यांच्याकडं नारी सुवर्णा किंवा अविशान दोन-तीन व्येतं झालीत, त्यांनी आपले आकडे खाली लिहा. फोटो नको, आकडे पाहिजेत : किती व्याल्या, किती झाली, तीन महिन्यांनी किती राहिली.